खंजिरीच्या चकत्या

परवा नातीने माळ्यावरून एक सागवानी खोका खाली काढला. "आबा, हे काय?" म्हटलं, स्पीकर आहे, १९८१ साली मी स्वतः केलेला. तिला ते खरं वाटेना. आबांना साधा बल्बचा होल्डर बदलता येत नाही, अशी आमच्या घरात ख्याती आहे! मी मराठी-इतिहासाचा मास्तर. ओहम आणि मायक्रोफॅरडशी माझी सोयरीक जुळायचं काही कारण नव्हतं. जुळली ती वडिलांमुळे.

वडील अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं कामाला होते. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे अमरावतीला आले, येताना सोबत खंजिरी. आमच्या वऱ्हाडात खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराजच आठवणार. महाराज १९६८ साली गेले, पण वडिलांची खंजिरी सुटली नाही. पुढे हात थरथरायला लागले आणि ती खुंटीला टांगली गेली. मग मी गावच्या भजनी मंडळाची एक कॅसेट भरून आणली आणि टेपवर लावली. वडील दोन मिनिटं ऐकत बसले, मग म्हणाले, "नुसतं ढब ढब वाजून रायलं बावा. चकत्या कुठी गेल्या?"

चकत्या कुठे गेल्या, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे मंडळी. १८९७ साली अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, शंकरन नायर अध्यक्ष होते. त्या मांडवात ध्वनिवर्धक नव्हता. वक्त्याचा घसा हेच काय ते यंत्र. दुसऱ्याच वर्षी तिकडे इंग्लंडात ऑलिव्हर लॉज यांनी चुंबकात हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीचं पेटंट घेतलं. त्या गुंडाळीला कागदी शंकू जोडून आजच्यासारखा लाउडस्पीकर बनवला तो अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी, १९२५ च्या सुमारास. आपल्याकडे मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे कर्णे काँग्रेसच्या सभांना लागले. गांधी-नेहरूंच्या जुन्या फोटोत मायक्रोफोनवर ते नाव वाचता येतं.

पण एकच शंकू सगळे सूर सारखे वाजवू शकत नाही. ढबढब करायला तो मोठा हवा, आणि मोठा म्हणजे जड. किणकिणाटासाठी सेकंदाला आठ-दहा हजार वेळा हलायचं तर तो हलका आणि लहान हवा. म्हणून दोन केले, वूफर आणि ट्वीटर. एकाला नाव कुत्र्याच्या भुंकण्यावरून, दुसऱ्याला पाखराच्या चिवचिवाटावरून. पण दोन आले की भांडण आलंच! १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या एम.जी.एम. स्टुडिओत एलिनॉर पॉवेलच्या नाचातला बुटांचा एकेक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. मोठ्या आणि लहान कर्ण्यांमधून येणाऱ्या आवाजाच्या वाटेत काही फुटांचा फरक होता, तेवढाच दोष. दिंडीत मागचे टाळकरी मागे पडतात तसं.

असो. माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला हाताशी धरलं. अकोल्याहून आठ इंची वूफर आणि एक ट्वीटर आणला, दोन्ही आठ ओहमचे. ट्वीटरकडे खालचे सूर जाऊ नयेत म्हणून मध्ये कपॅसिटर लागतो, आणि तोही दोन्ही दिशांनी चालणारा. तसा मिळेना. तेव्हा सरांनी दहा-दहा मायक्रोफॅरडचे दोन साधे कपॅसिटर घेऊन त्यांची ऋण टोकं एकमेकांना जोडली. झाला पाचाचा एक! म्हणजे साधारण चार हजारांच्या वरचे सूर ट्वीटरला. वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावायचा. शंकू बाहेर आला की सेलचं धन टोक लागलं ते धन. ट्वीटरचं हलणं डोळ्यांना दिसत नाही, तिथे तारा उलटसुलट करून कानानेच ठरवायचं. खोका जुन्या कपाटाच्या फळ्यांचा. आतला घुमारा मारायला वडिलांनी स्वतः पिंजलेला कापूस भरला. वऱ्हाडात कापसाला काय तोटा!

ट्वीटर वूफरपेक्षा कर्कश निघाला, म्हणून सरांनी त्याच्या वाटेत चार ओहमचा रेझिस्टर टाकला. मला वाटलं, आता जमलं. कॅसेट लावली. वडील म्हणाले, "चांगलं हाये. पन चकत्या नाई."

मी रेझिस्टर काढला. नाही. तारा उलटल्या. नाही. ट्वीटर बदलून आणायला बदनेऱ्याहून गाडी धरून पुन्हा अकोल्याला गेलो, दुकानदाराशी हुज्जत घातली (बिचाऱ्याची काही चूक नव्हती). नव्या ट्वीटरने शेजारची पोरं कानात बोटं घालू लागली, तरी वडिलांचं एकच. शेवटी सरांनी खुंटीवरची खंजिरी काढली, वडिलांच्या पाठीमागे उभे राहिले आणि चामड्याला हात न लावता नुसती हलवली.

वडिलांनी मागे वळून पाहिलंच नाही.

जिनिंगच्या धडधडीत वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचं ऐकणं आधी नेमकं चार हजारांच्या आसपास खचतं. आम्ही ट्वीटरची हद्द जिथे आखली होती, तिथेच. हे सरांनी मला बाहेर अंगणात नेऊन सांगितलं. मी वडिलांना सांगितलं नाही. "ट्वीटर खराब आहे, दुसरा पाहतो," एवढंच म्हणालो. पुढची चार वर्षं ते रोज संध्याकाळी त्या खोक्यासमोर बसत, आणि कोणी आलं की सांगत, "पोट्ट्यानं घरी बनवला. याचा एक भाग खराब हाये, तो पायतो म्हने."

चाळीस वर्षांत असे कपॅसिटर वाळतात, म्हणून परवा ते नवे घातले. नातीने जुनी कॅसेट लावली. मी ट्वीटरशी कान नेला. काहीच नाही. म्हटलं, हाही गेला वाटतं.

"वाजतोय की आबा," ती म्हणाली, "किती छान छुम छुम येतंय."