लहान टाकीतील प्रवाळ : निवड व मांडणी

साधारण 20 ते 60 लिटर खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत जिवंत प्रवाळ पाळण्याच्या प्रकाराला छंदी मंडळी नॅनो रीफ म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील, आळेफाट्याजवळच्या राजुरीसारख्या गावात एखाद्या नवख्याने अशी टाकी लावली, तर तिच्यात कोणते प्रवाळ घ्यावेत आणि ते कोठे बसवावेत, याचा विचार येथे केला आहे. दुकानातल्या निळ्या उजेडात निवड सहसा रंगावरून होते. ती पाण्यावरून व्हायला हवी. टाकीतले थोडे पाणी किती चढउतार सोसू शकते, हे एकदा ठरले की प्रवाळाचा प्रकारही ठरतो आणि त्याची जागाही.

45 × 30 × 30 सेंमी मापाच्या टाकीत जेमतेम 40 लिटर पाणी मावते. त्यातले 1 लिटर वाफ होऊन गेले, तर मीठ तेवढेच राहते आणि हजारी 35 असलेली क्षारता 36 च्या आसपास जाते; 400 लिटरच्या टाकीत तेवढ्याच बाष्पीभवनाने ती 35.1 वरही पोचत नाही. उष्णता आणि उरलेले खाद्य यांचाही परिणाम लहान टाकीत असाच पटकन दिसतो. दगडी प्रवाळ सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढून घेतात. ते मोजून रोज भरून काढणे नवख्याला जड जाते आणि मात्रा चुकली तर 40 लिटरमध्ये ती चूक पातळ व्हायला पाणीच नसते. मशरूम (डिस्कोसोमा, रोडॅक्टिस) आणि झोआ (झोअँथस) यांना असा सांगाडा नसतो. लेदर प्रवाळांच्या (सार्कोफायटन, सिन्युलेरिया) मांसल अंगात चुन्याचे बारीक कण असतात खरे, पण त्यांची गरज अल्प असते. या तिन्ही गटांना आठवड्याला 4 लिटर पाणी बदलणे बहुधा पुरते. मोठी टाकी अधिक स्थिर असते आणि म्हणून नवख्याने तीच घ्यावी, असा आक्षेप येतो. स्थिरतेचा मुद्दा खरा आहे. पण राजुरीत खाऱ्या पाण्याचा प्रत्येक लिटर घरी बनवावा लागतो आणि त्याला 35 ते 38 ग्रॅम मीठमिश्रण लागते. एका बादलीत होणारी दुरुस्ती माणूस नेमाने करतो. मोठ्या टाकीची लांबणीवर पडते.

राजुरीची जमीन दख्खनच्या बेसाल्टची. अशा खडकातल्या बोअरच्या पाण्यात कठीणपणा आणि सिलिका असते, शिवाय बागायती पट्ट्यात खतांचे नायट्रेट झिरपण्याचा संभव असतो. सिलिकेवर तपकिरी शेवाळ वाढते, नायट्रेटवर हिरवे. म्हणून पाणी आरओचे (उलट परासरणाने गाळलेले) हवे. घरगुती यंत्रांत चवीसाठी काही क्षार मुद्दाम राखण्याची सोय बऱ्याचदा असते. ती बंद करून पुढे उरलेले क्षार काढणारे डीआय रेझिन जोडावे आणि विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आल्याखेरीज मीठ घालू नये. उन्हाळ्यात पाणी 25–26 अंशांवर राखण्यासाठी पृष्ठभागावर लहान पंखा उपयोगी पडतो, आणि येथे कोरडी हवा कामाला येते: मुंबईच्या दमटपणापेक्षा बाष्पीभवन जोरात होऊन पाणी अधिक निवते. त्याची किंमत म्हणजे रोज गोडे आरओ पाणी भरणे. वीज गेली की प्रवाह थांबतो आणि प्राणवायू घटतो, म्हणून बॅटरीवरचा हवापंप पहिल्या प्रवाळाच्या आधी घरात यावा.

परदेशी पुस्तकांत युफायलिया, डंकन, कॉलॅस्ट्रिया हे दगडी प्रवाळही नवख्यांसाठी सुचवलेले आढळतात, आणि सवय झालेल्या हाताला ते खरोखर अवघड नाहीत. मात्र भारतात स्क्लेरॅक्टिनिया गणातील सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात आलेल्या वरळी–हाजी अली भागातील मोजक्या प्रवाळवसाहती हलवायलाही 2020 मध्ये परवानगी काढावी लागली. दुकानात मिळते म्हणजे चालते, असा अर्थ काढू नये. जिवंत खडक म्हणून विकले जाणारे प्रवाळाचे तुकडेही टाळावेत. सिमेंटचे किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक जिवाणूंना तेवढेच मानवतात. ग्रीन स्टार पॉलिप नावाने विकले जाणारे ब्रायारियम नवख्याला सर्रास दिले जाते, पण ते परंपरेने समुद्रपंख्यांच्या गटात मोजले गेले आहे आणि खडकभर पसरतेही. दोन्ही कारणांनी ते नको.

मांडणीकडे पाहिले की नवख्याचा हात रिकाम्या खडकावर थांबत नाही, ही मुख्य अडचण दिसते. प्रवाळ वाढतो, रोडॅक्टिस शेजाऱ्याला डसतो, लेदर पाण्यात रसायने सोडून इतरांची वाढ रोखते. दोन प्रकारांमध्ये किमान 7 ते 10 सेंमी जागा सोडावी. मशरूम तळाशी, सावलीत, मंद प्रवाहात ठेवावेत. ते डिंकाला नीट चिकटत नाहीत, म्हणून बारीक खड्यांच्या वाटीवर जाळी बांधून काही दिवस राहू द्यावेत, ते आपणच खडे धरतात. झोआंना मध्यावरचा, शक्यतो वेगळा सुटा खडक द्यावा. पसरले तर खडकासह उचलता येतात. लेदर एकच घ्यावे आणि वरच्या बाजूला ठेवावे, तेही फूटभर वाढू शकते हे धरून. कोणताही नवा तुकडा आधी खाली ठेवून दोन-तीन आठवड्यांत वर सरकवावा. झोआंचे देठ लांबले तर उजेड कमी पडतो आहे. मशरूम आकसले तर बहुधा जास्त होतो आहे. लेदर काही दिवस मिटून मेणचट कात टाकते, तेव्हा त्याला हलवू नये. हे मऊ प्रवाळही रसायनांनी लढतात, मग ते सोपे कसे, असे कोणी विचारील. त्यांची लढाई सक्रिय कोळसा आणि पाणीबदल यांनी आवरता येते. कॅल्शियमची घट मात्र रोजच्या मोजणीशिवाय कळतही नाही.

झोआंबाबत एक सावधगिरी जिवाशी संबंधित आहे. त्यांच्या नात्यातील पॅलिथोआ या वंशात पॅलिटॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य सापडते. हवाईतील पॅलिथोआ टॉक्सिकापासून ते वेगळे केल्याचे 1971 मध्ये प्रसिद्ध झाले. बाजारात दोन्ही वंश एकाच नावाने विकले जातात. तुकडे हाताळताना हातमोजे व चष्मा घालावा आणि खडक साफ करण्यासाठी उकळते पाणी कधीही वापरू नये, कारण वाफेतूनही विषबाधा झालेली आहे. दुसरी काळजी पाण्याची: बदललेले खारे पाणी शेतात, झाडाच्या आळ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतू नये. आठवड्याचे 4 लिटर वर्षाला 7 किलोहून अधिक मीठ मातीत घालतात. ते शौचालयाच्या भांड्यात, भरपूर पाण्याबरोबर सोडावे.