प्रवराकाठचा कारखाना आणि शेतकऱ्याचा आत्मविश्वास

भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरा कालव्यांवर ऊस वाढला, तरी कारखाना भांडवलदारानेच काढावा, शेतकऱ्याने फार तर गूळ करावा, ही समजूत अहमदनगर जिल्ह्यात पक्की होती. सावकारी कर्जाने खचलेल्या माणसाला ती स्वाभाविकही वाटे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी, म्हणजे सभासदांच्या सामाईक मालकीच्या, कारखान्याला शास्त्रीय बैठक दिली. परंतु गावोगाव फिरून भागभांडवल जमवताना आपणही मालक होऊ शकतो हा विश्वास रुजवला तो जेमतेम प्राथमिक शिक्षण झालेल्या विठ्ठलराव विखे पाटलांनी, आणि हे काम यंत्रे मिळवण्याहून अवघड होते, असेच म्हणावे लागेल. 1950 च्या अखेरीस लोणीजवळ गाळप, म्हणजे ऊस पिळून साखर काढण्याचे काम, सुरू झाले. कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते.