लाकडी चमच्याची वाटी कोरणे (स्वीडन)
स्वीडनमध्ये चमचे बहुधा भूर्जाच्या (बर्च) ओल्या लाकडातून घडवतात, कारण ते सहज कापले जाते. ओंडका उभा फाडून गाभा काढून टाकतात. तो राहिला तर सुकताना तडा जातो. कुऱ्हाडीने आकार आल्यावर वाटी आकडीसारख्या वाकड्या पात्याच्या चाकूने कोरतात. पाते काठाकडून तळाकडे उतरत न्यायचे; तळ ओलांडून तसेच वर चढवले, तर तंतू उचकटतात. खरे कसब जाडी राखण्यात आहे. अंगठा आत, तर्जनी बाहेर ठेवून ती चाचपतात. काठ पातळ हवा, पण दांड्याच्या जोडाशी लाकूड राखावेच लागते. चमचा मोडतो तो तिथेच. विल्ले सुंडक्विस्ट यांचे या कारागिरीवरील मोलाचे पुस्तक 1990 मध्ये इंग्रजीत आले. सुकलेल्या चमच्यावर चाकूचा शेवटचा हात फिरवून जवसाचे तेल लावतात.