बाहेरच्या लाईनसाठी आधी ९ दाबा

परवा शनिवारी ऑफिसचा जुना ईपीएबीएक्स काढून आम्ही अ‍ॅस्टरिस्क बसवलं. डायल प्लॅन लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. डायल प्लॅन म्हणजे नियमांची यादी. तीन आकडी नंबर आला तर आतल्या टेबलावर घंटी वाजवा, ९ ने सुरू झाला तर ९ काढून उरलेले आकडे बाहेरच्या लाईनवर टाका, वगैरे. दहा-बारा ओळींत काम फत्ते! टेस्टिंग म्हणून घरी आईला फोन लावला, लागला. खूश झालो.

निघताना वॉचमन काकांनी विचारलं, "साहेब, रात्री आग-बिग लागली तर १०१ च ना?" "हो काका" म्हणून जिना उतरलो आणि थबकलो. आमच्याकडे १०१ म्हणजे अकाउंट्सचं टेबल! आग लागलीच असती तर काकांनी रात्री दोन वाजता रिकाम्या खुर्चीला फोन केला असता.

आता थोडा इतिहास. अ‍ॅस्टरिस्क मार्क स्पेन्सर या तरुणाने १९९९ साली लिहिलं, कारण बाजारातलं टेलिफोन एक्स्चेंज त्याच्या छोट्या कंपनीला परवडत नव्हतं. त्याच्या नियमांत एक्स म्हणजे ० ते ९ पैकी कुठलाही आकडा आणि एन म्हणजे २ ते ९. हा एन २ पासूनच का, हा प्रश्न मला कायम पडायचा. उत्तर जुनं निघालं. अमेरिकेत ० म्हणजे ऑपरेटर. आणि १ ने नंबर सुरू करणं धोक्याचं, कारण रिसीव्हरखालचं बटण नुसतं हललं तरी मशीनला तो १ वाटायचा.

१९४७ साली एटीअँडटीने अख्ख्या उत्तर अमेरिकेची क्रमांक योजना आखली. ८६ एरिया कोड. मधला आकडा ० किंवा १ दिसला की मशीनने ओळखायचं, हा कोड आहे. तबकडी फिरवायच्या फोनवर १ ला एक ठोका आणि ० ला दहा. म्हणून गर्दीच्या न्यूयॉर्कला २१२, म्हणजे फक्त पाच ठोके. व्हरमाँटसारख्या छोट्या राज्याला ८०२, म्हणजे वीस. १० नोव्हेंबर १९५१ ला न्यू जर्सीतल्या एंगलवूडच्या महापौरांनी ऑपरेटरशिवाय थेट कॅलिफोर्नियात फोन लावला. आपल्याकडे कानपूर-लखनौ एसटीडी सुरू झाली १९६० साली.

या सगळ्यात आपण काय गमावलं ते मला त्या जिन्यात कळलं. ऑपरेटर माणूस होती. तिला "आग लागलीय हो!" एवढं ओरडून सांगितलं तरी पुरायचं. मशीनला फक्त आकडे कळतात. म्हणजे तिचं शहाणपण आता कोणीतरी आधीच नियमांत लिहून ठेवायला हवं. ते कोणीतरी म्हणजे शनिवारी घरी जायच्या घाईत असलेला माझ्यासारखा इंजिनिअर.

ही घाई किती महाग पडते त्याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या एका मोटेलच्या खोलीत एका बाईवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ फिरवला. एकदाही लागला नाही, कारण बाहेरच्या लाईनसाठी आधी ९ दाबायचा होता. मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. शिकवलेला नंबर तिने अगदी बरोबर दाबला होता. आई वाचली नाही. त्या बाईच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि तिच्याच नावाने कारीज लॉ हा कायदा झाला. सही झाली १६ फेब्रुवारी २०१८ ला. अमेरिकेतला पहिला ९११ कॉल अलाबामातल्या हेलीव्हिल गावातून झाला त्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली होती. कायदा सांगतो, नव्या यंत्रणेत ९११ थेट लागलाच पाहिजे, आधी काही दाबायला न लावता. आणि कॉल झाला की रिसेप्शनवर किंवा तशाच जागी सूचनाही गेली पाहिजे.

मी जिन्यातून परत वर गेलो. आतले सगळे नंबर चार आकडी करून २ ने सुरू केले. १००, १०१, १०८ आणि ११२ साठी वेगळे नियम लिहिले. आधी ९ दाबला तरी लागेल आणि विसरला तरी लागेल. घाबरलेल्या माणसाने दोन्हीपैकी काहीही करावं, फोन लागायला हवा.

घरी पोचायला साडेनऊ झाले. जाताना काकांना पुन्हा सांगितलं, "हो काका, १०१ च." या वेळी ते खरं होतं.

असो. तुमच्या ऑफिसात ११२ दाबल्यावर कुठे घंटी वाजते? सोमवारी गेल्यावर फोन बघणाऱ्या माणसाला एकदा विचारा.