प्रिन्स ऑफ पर्शिया : रूपांतरे
जॉर्डन मेक्नर यांनी ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी लिहिलेला, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला खेळ. राजपुत्राच्या हालचाली मेक्नर यांच्या धाकट्या भावाच्या धावण्या-उड्यांच्या चित्रफितीवरून रेखाटल्या होत्या. ॲपल-२ची सद्दी तेव्हा संपत आली होती. खेळ तगला तो पीसी, अमिगा अशा नव्या यंत्रांवरील रूपांतरांमुळे. कमोडोर ६४ मात्र वगळला गेला. त्याची आवृत्ती एका हौशी प्रोग्रॅमरने थेट २०११ मध्ये केली. ॲपल-२ आणि कमोडोर ६४ या दोन्ही यंत्रांचे प्रोसेसर ६५०२ कुळातले, त्यामुळे मूळ यंत्रभाषा उकलून तिचा उपयोग करता आला. चित्रे पडद्यावर उमटवण्याची रीत मात्र वेगळी होती. गंमत अशी, की मूळ सोर्स कोडच्या हरवलेल्या डिस्क मेक्नर यांच्या वडिलांना सापडल्या त्या २०१२ मध्ये, हा खटाटोप उरकल्यावर.