राजाने स्वतः जावे काय?

सिंहगडच्या पोवाड्यावर वर्गात बोलत होतो. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तानाजी गेला, मग महाराज स्वतः का गेले नाहीत?" वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न जुना आहे, आणि तो एकट्या महाराष्ट्राचाही नाही.

श्रोतेहो, उत्तर युरोपातल्या जर्मानिक टोळ्यांची जी वीरकाव्ये आहेत, त्यांतही हाच पेच आहे. त्यांतले 'बेवुल्फ' हे तीन हजारांवर ओळींचे काव्य जुन्या इंग्रजीत आहे. इ. स. १००० च्या सुमाराचे एकच हस्तलिखित उरले, म्हणून ते आपल्याला ठाऊक झाले. त्यातला राजा म्हणजे देणारा. सोन्याची कडी वाटणारा, हे तर त्याचे बिरुदच. ज्याने कडे घेतले त्याने रणात त्याची फेड करायची. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ. स. ९८ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की, नायक पडल्यावर रणातून जिवंत परतणे ही या लोकांत जन्माची नामुष्की.

बेवुल्फ तरुणपणी राक्षस मारतो. पुढे पन्नास वर्षे राज्य करतो आणि म्हातारपणी आग ओकणाऱ्या सर्पावर एकटाच चालून जातो. सोबतचे दहा जण रानात पळतात. विग्लाफ तेवढा धावून येतो. सर्प मरतो, पण राजाही मरतो. मुलगा नाही. आता शेजारचे शत्रू चालून येणार, म्हणून प्रजा आक्रोश करते. एकाच्या हट्टापायी अनेकांना भोगावे लागते, अशा अर्थाचे विग्लाफच बोलून जातो. उलट त्याच काव्यात डेन लोकांचा वृद्ध राजा ह्रोथगार राक्षसाशी स्वतः लढत नाही, तरी कवी त्याला चांगला राजाच म्हणतो!

आता आपल्याकडे या. १६५९ साली अफझलखान विजापूरहून निघाला, तो तुळजापूर, पंढरपूर करीत, म्हणजे आपल्या याच मुलखातून, वाईकडे गेल्याचे बखरी सांगतात. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली महाराज त्याला स्वतः भेटले. पण त्याआधी, आपल्या जिवाचे बरेवाईट झाल्यास राज्य कसे चालवावे, याची त्यांनी व्यवस्था लावली होती. सभासदाने ते नोंदले आहे. बेवुल्फने नेमके हेच केले नव्हते.

या प्रसंगावर अज्ञानदासाने पोवाडा रचला. त्याबद्दल त्याला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला म्हणतात. तिकडचे कडे आणि इकडचा तोडा, नाते जवळचेच म्हणायचे. हे जुने पोवाडे अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली छापून काढले.

सिंहगडची गोष्ट वेगळी. तुळशीदासाच्या पोवाड्यात जिजाबाई फाशांच्या डावात गड जिंकून मागतात आणि तानाजी घरचे लग्न टाकून उठतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तो पडला, तेव्हा मावळ्यांचे पाय डळमळले. परतीचे दोरच कापून त्याचा भाऊ सूर्याजी याने त्यांना वळवले, अशी लोकांच्या तोंडची कथा आहे. इथे मला दोन्हीकडच्या वीरांत फरक दिसतो. इंग्लंडात मॉल्डनच्या लढाईत, ९९१ साली, ब्युर्हटनॉथ पडल्यावर त्याचे सोबती त्याच्याशेजारी मरण्यासाठी लढले, असे त्यावरचे काव्य सांगते. मावळ्यांना मरायचे नव्हते, गड घ्यायचा होता. तो घेऊन ते जिवंत राहिले, यात कोणाला नामुष्की वाटली नाही. मला हा आदर्श अधिक शहाणपणाचा वाटतो.

आणि राजाने काय दिले? शोक केला, हे तर आहेच. पण कथेप्रमाणे रायबाचे राहिलेले लग्न महाराजांनी लावून दिले. कथा खरी असो वा नसो, लोकांनी राजाकडून कशाची अपेक्षा केली, ते तिच्यात उघड आहे.

त्या विद्यार्थ्याला मी प्रतापगडचा पोवाडा वाचायला दिला. आठ दिवसांनी तो म्हणाला, "सर, मग तेव्हा तरी महाराजांनी दुसऱ्या कोणाला का पाठवले नाही?"

म्हटले, "बाबा रे, खानाला भेट हवी होती ती राजाचीच. तिथे बदली माणूस चालत नव्हता."