'तुंबाड': नाव पेंडशांचे, भय धारपांचे

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी 'तुंबाड' हा हिंदी भयपट प्रदर्शित झाला. ते नाव ऐकून मराठी वाचकाला श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' आठवावी, हे साहजिकच होते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी नाव घेतले ते याच कादंबरीवरून. कथानक मात्र तिचे नाही. चित्रपटाचे बीज नारायण धारपांच्या एका कथेत आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने ती बर्व्यांना सांगितली होती. धारपांच्या त्या कथेमागे पुन्हा स्टीफन किंगची 'ग्रॅमा' ही कथा. म्हणजे हे भय अमेरिकेतून मराठीत आले आणि मराठीतून हिंदी पडद्यावर गेले.

पेंडसे आणि धारप यांना आपण नेहमीच दोन वेगळ्या कपाटांत ठेवले. 'रथचक्र'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले पेंडसे समीक्षेचा विषय झाले; धारप वाचनालयांतून हातोहात फिरले, पण समीक्षेने त्यांना रंजनाच्या खात्यात टाकून विषय संपवला. त्यामुळे कादंबरीच्या अपेक्षेने चित्रपट पाहणाऱ्याला हा नावाचा गैरवापर वाटू शकतो. हा आक्षेप समजण्याजोगा आहे, पण पुरेसा नाही.

कारण दोन्ही कृतींचा विषय मुळात वारसा हाच आहे. खोत म्हणजे कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला सारावसुलीचा वंशपरंपरागत हक्कदार. पेंडसे अशा एका घराण्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास पिढ्यान्‌पिढ्या दाखवतात. चित्रपट १९१८ ते १९४७ या काळात घडतो. त्यातला विनायक हा वाड्याच्या 'सरकार'चा अनौरस मुलगा. हक्क नाही, म्हणूनच हाव अधिक. हस्तरच्या कमरेची सोन्याची नाणी ओरबाडण्याची विद्या तो पुढे आपल्या मुलाला शिकवतो. बाप मुलाला धंदा शिकवतो तितक्याच सहजपणे हे घडते, आणि खरे भय तिथेच आहे.

खोती ही कोकणातली गोष्ट. सोलापूरच्या नवी पेठेसारख्या कोरड्या मुलखातल्या बाजारपेठेत बसलेल्या वाचकाला तो अखंड पाऊसही परकाच वाटेल. पण चित्रपटातला सावकार राघव त्याला परका नाही. १८७५ साली सुप्याला पेटलेले दख्खनचे दंगे सावकारांच्या कर्जखतांविरुद्धच होते. खोत आणि सावकार, कोकण आणि देश, हे दोन्ही धागे या भयकथेत एकत्र येतात.

व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ याच चित्रपटाने झाला होता, तरी २०१८ मध्ये त्याला मिळालेला प्रेक्षक मर्यादितच होता. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई करून गेला. सहा वर्षे लोक एकमेकांना त्याविषयी सांगत राहिले होते. धारपांची पुस्तकेही अशीच वाचकाकडून वाचकाकडे गेली होती.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. हाव कायद्याने जात नाही. चित्रपटात ती थांबते ती मुलाने बापाचे सोने नाकारल्यावर. हा नकार पडद्यावर पोहोचला त्याची वाट एका 'रंजनपर' लेखकाच्या कथेतून जाते. तेव्हा चित्रपट कादंबरीशी प्रामाणिक राहिला का, एवढेच विचारून भागणार नाही. धारपांना आपण नीट कधी वाचले, हेही विचारावे लागेल.